हातगाड्यावरची मोटारसायकल

हातगाडा एकच होता आणि त्यावर नवऱ्याला घालायचं की मोटारसायकल, ते मला ठरवायचं होतं.

गल्लीत पाणी मांडीपर्यंत आलं होतं. आमचं घर दोन पायऱ्या वर, म्हणून आत पोटरीएवढं. नवरा बाजेवर पडून होता. लकव्यानं त्याची उजवी बाजू जाऊन दीड वर्ष झालं होतं. बाजेच्या चारी पायांखाली मी चिरे रचले होते, त्यामुळं त्याचं अंथरूण अजून कोरडं होतं. मागं गोठ्यात तीन म्हशी पोटापर्यंत पाण्यात. मुलगा ट्रक घेऊन गेलेला, तो हायवेवर कुठंतरी अडकला होता. सून आणि नात सकाळीच चढावरच्या शाळेत पोचल्या होत्या. दारात तालमीतली दोन पोरं केळीवाल्याचा गाडा धरून उभी होती आणि पाणी तो गाडा त्यांच्या हातातून ओढत होतं.

"काकू, आण्णास्नी उचलूया. म्हसरं ऱ्हाऊ द्यात," त्यातलं थोरलं म्हणालं.

बाजेवरून नवरा म्हणाला, "गाडी न्हे आदी."

लकव्यानं त्याची जीभ जड झाली होती. परक्याला त्याचं बोलणं कळायचं नाही, मला कळायचं. आण्णा काय म्हणतात म्हणून पोरांनी माझ्याकडं बघितलं. मी लगेच सांगितलं नाही.

अंथरुणावरचा नवरा सोडून मोटारसायकल का, हे ज्याला आमचं गाव माहीत नाही त्याला कळायचं नाही. म्हणून आधी ते सांगते.

मी कोडोलीची. माझ्या माहेरीही म्हशी होत्या. त्यांना दाव्याला बांधायचं, दावं धरून पाण्यावर न्यायचं, म्हातारी झाली की बाजार दाखवायचा. लग्न होऊन कोल्हापुरात आले तर इथं म्हशीची बडदास्त जावयासारखी. पेठेत घरं दाटीनं, माणसाला पाय लांब करायला जागा नाही, पण घरामागं गोठा. संध्याकाळी म्हशी चौकातल्या दूधकट्ट्यावर न्यायच्या, गिऱ्हाइकाच्या डोळ्यादेखत धार काढायची आणि फेसासकट गिलास त्याच्या हातात द्यायचा. पैलवान यायचे, कॉलेजची पोरं यायची. बाहेरगावची माणसं तोंड वाकडं करून बघत उभी राहायची. नवरा त्यांना म्हणायचा, "पावणं, प्या की. तुमच्या गावात असलं दूध सपनात बी मिळायचं न्हाई."

दूध चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. पण त्यामागं पहाटे शेण काढणारी, वैरण कापणारी, पेंड भिजवणारी, शेणी थापणारी, अंथरुणावरच्या सासूचं सगळं करून पोरांना शाळेला लावणारी मी होते. कट्ट्यावर फेटा नवऱ्याचा.

दिवाळीतल्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी पळवतात. आधी नदीवर नेऊन घासूनपुसून धुवायच्या, अंगावरचे केस नक्षीनं कातरायचे, शिंगं रंगवायची, मोरपिसं बांधायची, गळ्यात कवड्यांच्या माळा. मग मालक मोटारसायकलवर पुढं. गाडीच्या सायलेन्सरची पुंगळी काढलेली असते, त्या आवाजानं फळीवरची भांडी थरथरतात. आणि म्हैस त्या आवाजाच्या मागं पळते. दावं नाही, काठी नाही. एवढ्या गर्दीत दाव्याशिवाय जी गाडीमागं जाते तिला मान, आणि तिच्या मालकाला नारळ.

आमच्या थोरल्या म्हशीनं तसले बरेच नारळ मिळवले. एका वर्षी नवरा हुपरीला गेला आणि तिच्या पायात घालायला तोडे घडवून आणले.

मी विचारलं, "चांदीचं?"

"वरनं मुलामा हाय."

"मला तेवढा मुलामा बी न्हाई."

"तू पळतीस व्हय गाडीमागं?"

सासू अंथरुणात हसली. मलाही हसू आलं. पण त्या साली कौलं फिरवायची राहिली आणि पावसाळाभर मी घरात पातेली मांडत हिंडले.

म्हशी उगीच पळत नाहीत. रेडकू असल्यापासून त्यांना लावावं लागतं. नवरा हातात पेंडेचा गोळा धरून गाडी सुरू करायचा. आवाज झाला की पेंड, पुढं चार पावलं आली की पुन्हा पेंड. कट्ट्यावर जातानाही गाडी पुढं, म्हशी मागं. दावं धरून ओढलेलं त्याला खपायचं नाही. "आमच्यात म्हशीला दावं लागत न्हाई की," हे त्यानं सगळ्या पेठेत सांगून ठेवलं होतं. गोठ्यात रात्री बांधायला दावी होती तेवढीच. त्यामुळं आमच्या म्हशी ओढून चालायला कधी शिकल्याच नाहीत. कुणी दावं धरून ओढलं की मान खाली घालून बसायच्या. ती खोड त्यांची नव्हती, आम्ही लावलेली होती.

एकदा मी म्हटलं होतं, "उद्या तुमास्नी काय झालं तर ही म्हसरं कोण हलवायचं?"

तो म्हणाला, "गाडी हाय की."

आणि खरंच, लकवा झाल्यावर मुलगा ती गाडी काढायचा आणि म्हशी त्याच्यामागं मुकाट जायच्या. त्यांना गाडीचा आवाज लागायचा, वर कोण बसलंय ते नाही. मुलगा ट्रकवर गेला की मी घरीच धारा काढायचे आणि कॅन घेऊन दारोदार हिंडायचे. गाडी पुढच्या सोप्यात उभी असायची. नवऱ्याच्या सांगण्यावरून ती दोन-तीन दिवसांतून एकदा घरातच सुरू करायची, बंद पडू नये म्हणून. घरभर धूर. नात खोकायची. मी त्या गाडीला इतक्या शिव्या दिल्यात की माणूस असती तर घर सोडून गेली असती.

आता पाण्याचं. नदी दरवर्षी फुगते. लोक घाटावर पाणी बघायला जातात, कणसं खातात, घरी येतात. माझ्या सासऱ्यानं आमच्या खालच्या पायरीच्या दगडावर छिन्नीनं एक रेघ मारून ठेवली होती. त्याच्या हयातीत पाणी त्या रेघेच्या वर आलं नव्हतं. आमची रेघ पाणी ओलांडत नाही, हे घरातला प्रत्येकजण छाती काढून सांगायचा. दोन हजार पाच साली पावसानं धरलं ते सोडेना. रिक्षावरून भोंगा लावून सांगत होते, खालच्या गल्ल्यांनी घरं सोडा, शाळेत चला. नवरा बाजेवरून म्हणाला, "पावणं हायत ती. त्यास्नी नदी काय म्हाईत?"

सगळं त्याच्यावर ढकलणार नाही. मीही उठले नाही. घरात वर्षाचे दाणे होते, वैरण होती, तीन म्हशी, आजारी माणूस. आणि खरं सांगायचं तर लाज वाटत होती. आमच्या दारातनं पावणा कधी न जेवता गेला नाही, आणि मी शाळेत जाऊन रांगेत थाळी धरायची? ते मला नको होतं. म्हणून एक दिवस गेला आणि एक रात्र गेली.

सकाळी उठून बघितलं तर रेघ दिसत नव्हती. खालची पायरीच दिसत नव्हती. सुनेला म्हटलं, पोरीला घे आणि चालू लाग. ती रडत होती, मामांजींना कसं सोडू म्हणून. मी तिला ढकललं. पोरं त्या दोघींना घेऊन गेली. मग मी म्हशींकडं वळले.

म्हैस पोहते, हे कुणीही सांगेल. पण म्हैस पाण्याला भीत नाही हीच अडचण. ती सुखानं पाण्यात बसते. शेजाऱ्याच्या दोन म्हशी तशाच बसल्या होत्या, आणि पाणी वाढल्यावर धारेला लागून आमच्या परसातून वाहत गेल्या. शेवटपर्यंत त्यांनी ओरडा केला नाही. मी आमच्या तिघी सोडल्या, थोरलीला दावं लावून ओढलं. ती बसली. मी तिला काठीनं मारलं, शेपूट पिरगाळली. ती शिंगांपर्यंत पाण्यात बसली. घरातून नवरा हाळी देत होता. पूर्वी त्याच्या हाळीला म्हशी कट्ट्यावरून माना वळवायच्या. आता नुसता घशातला आवाज. तो त्यांच्या ओळखीचा नव्हता.

तेवढ्यात पोरं हातगाडा घेऊन परत आली, आणि नवरा म्हणाला, गाडी ने आधी.

मी काय हिशेब केला ते सांगते. अंथरूण कोरडं आहे. पाणी तासाला वीतभर चढतंय. शाळेपर्यंत जायला-यायला अर्धा तास. म्हशींना अर्धा तास नाही, त्याला आहे. मुलाच्या ट्रकचं आज आहे उद्या नाही. म्हशी गेल्या तर पाणी उतरल्यावर ह्या घरात येऊन पाच माणसांनी खायचं काय?

मी पोरांना सांगितलं, "आण्णा म्हणत्यात, गाडी चढवा."

"खुळ्या झालाय का काय काकू?"

"चढवा म्हणतोय न्हवं मी."

तिघांनी मिळून गाडी गाड्यावर घातली. म्हशींची दावी आणून ती चहूबाजूंनी आवळली. धाकटं पोरगं वर चढून किक मारायला लागलं. काही नाही. गाडी नुसती खोकली. नवरा बाजेवरून, "पलग. पलग काढ." पाना कुठं आहे ते त्यानं डाव्या हातानं दाखवलं, उशाखालीच होता. पोरानं प्लग काढून माझ्या हातात दिला. पुसायला कोरडं काही नव्हतं. माझं लुगडं छातीपर्यंत भिजलेलं. नवऱ्यानं त्याच्या अंगावरच्या चादरीचं टोक पुढं केलं. त्या टोकानं मी प्लग पुसला.

चौथ्या किकला गाडी सुरू झाली. त्या आवाजानं सोपा हादरला. मागं गोठ्यात पाणी खळबळलं. थोरली उठली होती. घराच्या बाजूच्या बोळातून ती आली, मागं बाकीच्या दोघी, आणि गाड्यामागं येऊन उभ्या राहिल्या. गाडी चालू ठेवायला कुणीतरी वर पाहिजे होतं. पोरांना ढकलायचं होतं. म्हणून मी चढले. जन्मात पहिल्यांदा त्या गाडीचा एक्सलेटर हातात धरला.

दारातून मी म्हटलं, "आलोच मी अर्ध्या घंट्यात."

तो म्हणाला, "पेंड घे. वर गेल्यावर गाडी बंद केलीस की माघारी फिरत्याल."

फळीवर पेंडेचा डबा होता. पोरानं तो दिला. मी काखेत धरला आणि आम्ही निघालो.

गल्लीतली माणसं माड्यांवर चढून बसली होती. आवाज ऐकून सगळी खिडक्यांत आली. एकानं शिट्टी मारली. समोरची बाई वरून म्हणाली, "काकू, पाडवा आजच व्हय?" तिला वाटलं, आमच्या घरातली माणसं आधीच वर गेलीत. मी तिला तसंच वाटू दिलं. कोपऱ्यावर रस्ता खोलगट आहे. तिथं पोरांच्या छातीला पाणी लागलं, गाडा अर्धवट तरंगायला लागला. म्हशींच्या फक्त माना आणि शिंगं दिसत होती. मी एक्सलेटर पिळून धरला होता. हात सुटला तर आवाज बंद होईल, एवढंच डोक्यात होतं. मग चाकं पुन्हा जमिनीला लागली, चढ आला, आणि तिघी पाण्यातून वर आल्या.

शाळेच्या मैदानात गाडी बंद केली. पेंड टाकली. गाडी खाली उतरवून तिच्याच दाव्यांनी म्हशी बांधल्या. सुनेला बोलवायलाही थांबले नाही. पोरं आणि मी रिकामा गाडा घेऊन उलटे पळालो.

कोपऱ्यावर आलो तर मघाचा कोपरा नव्हता. नदीची धार सरळ गल्लीत वळली होती. पोरांनी गाडा पाण्यात घातला आणि तो त्यांच्या हातातून गेला, विजेच्या खांबावर आपटला आणि खाली निघून गेला. मी पाण्यात शिरले. मला पोहता येत नाही. गळ्यापर्यंत गेल्यावर थोरल्या पोरानं मला दंडाला धरून मागं ओढलं. मी त्याला चावले. त्यानं सोडलं नाही.

सोडवायला नाव येईल, असं सगळे सांगत होते. मी त्या चढावर बसले. तिथून आमच्या घराची कौलं दिसायची, दार दिसायचं नाही. सकाळचे अकरा असतील तेव्हा. मी एकेकाचे पाय धरले. ज्यांच्याशी वर्षानुवर्षं नळावर भांडले त्यांचेही धरले. एकजण म्हणाला, "मावशी, दोर आणाय गेल्यात." दुसरा म्हणाला, "आण्णा पैलवान गडी हाय, काय होत न्हाई." पैलवान गडी. डाव्या हातानं घास तोंडात घालायला त्याला जमायचं नाही, तो मी भरवायचे.

चारच्या सुमाराला तालमीतल्या पोरांनी ट्रकच्या दोन ट्यूब बांधून त्याला आणलं. बाज उलटली होती. डाव्या हातानं खिडकीचा गज धरून तो छातीपर्यंत पाण्यात लोंबकळत होता. किती वेळ, ते कुणाला ठाऊक नाही. पोरांना त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

त्याला चढावर ठेवलं. ओठ काळेनिळे. मी तोंडाजवळ कान नेला.

"तिन्ही?" त्यानं विचारलं.

"तिन्ही."

नंतर तो बोलला नाही. दवाखान्यात नेलं. छातीत पाणी आणि कफ भरला होता. आठव्या दिवशी सकाळी गेला.

मुलगा चौथ्या दिवशी पोचला होता. दवाखान्याच्या जिन्यात बसून त्यानं माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, गाडी आदी का न्हेलीस?"

"तुझ्या बापानंच सांगितलं."

"जल्मात कवा त्याचं ऐकलं न्हाईस. त्याच दिवशी ऐकलंस व्हय?"

मी ऐकलं, कारण त्यानं सांगितलं ते मलाही पाहिजे होतं. त्यानं सांगितलं नसतं तर मी काय केलं असतं, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलंय आणि प्रत्येक वेळी उत्तर वेगळं येतं.

पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर गाळ होता. दाणे कुजले होते. सुनेनं आणि मी अकरा दिवस घमेल्यानं गाळ काढला. मुलगा माझ्याशी कामापुरतं बोलायचा. पहिल्या महिन्यात ह्या घरातली चूल म्हशींच्या दुधावरच पेटली. तेही त्याला दिसत होतं.

त्या वर्षी पाडव्याला तालमीतली पोरं आली. ज्याला मी चावले होते तोही होता. म्हणाला, "काकू, आण्णांच्या नावानं थोरली पळवूया. नुसती एक फेरी." मी नाही म्हटलं. मुलानं त्याआधीच गाडीला पुंगळी बसवून आणली होती, मला न विचारता. मी म्हशींना दाव्यानं चालायला शिकवलं. पेंडेचा गोळा हातात धरून, चार पावलं, मग पेंड. धाकट्या दोघी लवकर शिकल्या. थोरलीला दिवाळीपासून होळी लागली. गल्लीतली म्हातारी माणसं कट्ट्यावरून बघायची आणि तोंड फिरवायची. आण्णाच्या म्हशीला दावं.

त्या दिवशी त्या घरात असलेल्यांपैकी पुरातून जगलो ते असे: सून, नात, मी आणि तीन म्हशी.